'डिम' : मंद उजेडाच्या इंग्रजी शब्दाचे अर्थ आणि उपयोग

उन्हाळ्याच्या संध्याकाळी विजेचा दाब कमी होतो, जुना पिवळा दिवा आणखी पिवळा पडतो आणि घरातले कोणीतरी सहज म्हणून जाते, 'लाइट डिम झाले.' नाट्यगृहात तिसरी घंटा झाल्यावर प्रेक्षागृहातील दिवे हळूहळू उतरू लागतात, तेव्हाही हाच शब्द तोंडी येतो. रात्री अंथरुणात मोबाइलचा पडदा डोळ्यांना टोचू लागला की तोही 'डिम' केला जातो. इंग्रजीतून मराठीत आलेल्या असंख्य शब्दांमध्ये हा शब्द इतका रुळला आहे की त्याचे परकेपण कोणाला जाणवत नाही.

तथापि मराठीने या शब्दाचा एकच पैलू स्वीकारला आहे. मराठीत दिवा डिम होतो, फार तर मोबाइलचा किंवा दूरचित्रवाणीचा पडदा डिम होतो. इंग्रजीत मात्र डोळे डिम होतात, आठवण डिम होते, आशा डिम होते, एखादा मुलगा डिम असतो आणि न्यायालयही एखाद्या गोष्टीबाबत 'डिम' दृष्टी ठेवते. इंग्रजी वृत्तपत्र वाचणारा, स्पर्धा परीक्षेतील उतारा सोडवणारा किंवा भाषांतर करणारा मराठी वाचक नेमका याच ठिकाणी अडखळतो. शब्द ओळखीचा असतो, अर्थ मात्र हाती लागत नाही. म्हणून या छोट्याशा शब्दाची थोडी सविस्तर ओळख करून घेणे उपयुक्त ठरेल.

मूळ आणि रूपे

'डिम' हा इंग्रजीतील अस्सल जुना शब्द आहे. फ्रेंच किंवा लॅटिनमधून तो आलेला नाही. इ. स. ११५० पूर्वीच्या, म्हणजे 'जुनी इंग्रजी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भाषेत तो आढळतो आणि उत्तर युरोपातील भाषांत त्याची भावंडे आजही नांदत आहेत. आइसलँडच्या भाषेत 'दिम्मुर' म्हणजे अंधारलेला, तर स्वीडिश भाषेत 'दिम्मा' म्हणजे धुके. अंधार आणि धुके या दोन्ही कल्पना या शब्दकुलाच्या पोटात आहेत, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुढे येणाऱ्या अनेक अर्थांचा उलगडा तिच्यातून होतो.

व्याकरणदृष्ट्या हा शब्द विशेषण आणि क्रियापद अशा दोन्ही भूमिका करतो. 'डिम लाइट' म्हणजे मंद उजेड. येथे तो विशेषण आहे. 'डिम द लाइट्स' म्हणजे दिवे मंद करा. येथे तो क्रियापद आहे. हे क्रियापद सकर्मकही आहे आणि अकर्मकही. माणूस दिवे डिम करतो आणि दिवे आपोआपही डिम होतात. लिहिताना 'डिमर', 'डिमेस्ट', 'डिम्ड' आणि 'डिमिंग' या रूपांत शेवटचे अक्षर 'एम' दुप्पट करावे लागते. 'डिमली' हे क्रियाविशेषण आणि 'डिमनेस' हे भाववाचक नाम मात्र एकाच 'एम'ने लिहिले जाते. 'डिमर' या रूपाचे दोन अर्थ होतात : 'अधिक मंद' आणि 'उजेड कमी-जास्त करणारे उपकरण'. कोणता अर्थ घ्यायचा हे वाक्यावरूनच ठरते.

अर्थाच्या बाबतीत पहिली खूणगाठ अशी की 'डिम' आणि 'डार्क' एक नव्हेत. 'डार्क' म्हणजे अंधार. 'डिम' म्हणायला उजेड असावा लागतो. तो फक्त पुरेसा नसतो. विझलेला दिवा डिम नसतो, मिणमिणता दिवा डिम असतो.

उजेड कोठे कमी पडतो?

एखादी वस्तू डोळ्यांना नीट दिसावी यासाठी तीन गोष्टी लागतात : दिवा, मधली मोकळी हवा आणि डोळा. यांपैकी कोठेही उणीव निर्माण झाली तरी दृश्य मंदावते. इंग्रजी भाषा या तिन्ही उणिवांना एकच शब्द लावते. कंदिलाची वात उतरवली तर 'डिम लॅम्प', धुक्यातून डोंगराची कडा अस्पष्ट दिसली तर 'डिम आउटलाइन' आणि वृद्धापकाळी नजर मंदावली तर 'डिम आइज'.

मराठीने ही कामे वेगवेगळ्या शब्दांना वाटून दिली आहेत. दिवा मंद किंवा मिणमिणता असतो. कडा धूसर किंवा पुसट असते. डोळे अधू होतात. 'मिणमिणते डोळे' आणि 'अधू कंदील' असे कोणी म्हणणार नाही. त्यामुळे इंग्रजीतील 'डिम' मराठीत आणताना पहिला प्रश्न असा विचारावा लागतो की उणीव नेमकी कोठे आहे, दिव्यात, मधल्या हवेत की डोळ्यात? उत्तर मिळाले की मराठी शब्द आपोआप सुचतो.

डोळ्यांच्या अर्थाने या शब्दाचा एक प्रसिद्ध वापर १६११ साली प्रसिद्ध झालेल्या बायबलच्या इंग्रजी भाषांतरात आढळतो. उत्पत्तीच्या पुस्तकात वृद्ध इसहाकाच्या डोळ्यांना 'डिम' हे विशेषण लावले आहे. नजर गेलेल्या या पित्याला थोरल्या मुलाला आशीर्वाद द्यायचा असतो. पण धाकटा याकोब भावाचे सोंग घेऊन पुढे येतो आणि तो आशीर्वाद घेऊन जातो. डोळ्यांच्या मंदपणामुळे माणसाची ओळख चुकते आणि एका घराण्याचे भवितव्य बदलते, असे हे कथानक आहे.

कमी उजेडात डोळा कसा काम करतो हेही जाणून घेण्यासारखे आहे. डोळ्याच्या पडद्यावर शंकूपेशी आणि दंडपेशी अशा दोन प्रकारच्या प्रकाशग्राही पेशी असतात. शंकूपेशींमुळे रंग आणि बारकावे कळतात, परंतु त्यांना भरपूर उजेड लागतो. उजेड फार कमी झाला की दंडपेशी काम पाहू लागतात. त्यांना रंग कळत नाहीत. म्हणून चांदण्यात लाल फूलही काळसर दिसते. अंधाराला डोळे पूर्णपणे सरावण्यास साधारण २० ते ३० मिनिटे लागतात. अंधूक तारा पाहण्यासाठी त्याच्याकडे थेट न पाहता किंचित बाजूला पाहावे, असा सल्ला आकाशनिरीक्षक देतात. त्याचे कारणही हेच आहे. दंडपेशी दृष्टिपटलाच्या मध्यभागी नसून त्याच्या सभोवती दाटलेल्या असतात.

मंद उजेडात वाचल्याने डोळे कायमचे बिघडतात, ही समजूत घरोघरी आढळते. त्यामुळे डोळ्यांवर ताण येतो, डोके दुखते, डोळे कोरडे पडतात. परंतु कायमची हानी होत असल्याचा भक्कम पुरावा नाही. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने २००७ मध्ये वैद्यकीय गैरसमजांची जी यादी छापली, तिच्यात या समजुतीचाही समावेश होता.

डिमर, सिम, डिपर आणि झिरोचा बल्ब

दिवा हवा तेवढाच उजळावा, ही गरज सर्वप्रथम रंगभूमीला जाणवली. विजेच्या दिव्यांच्या सुरुवातीच्या काळात विद्युतरोधक वापरून उजेड कमी केला जात असे. त्यात दिव्याचा उजेड कमी होई, पण वाचलेली वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाई आणि उपकरण तापून धोकादायक बने. अमेरिकी संशोधक जोएल स्पायरा यांनी १९५९ मध्ये घरगुती भिंतीत बसेल असा इलेक्ट्रॉनिक डिमर तयार केला आणि १९६१ मध्ये त्यासाठी ल्युट्रॉन ही कंपनी स्थापन केली. या उपकरणात वीज अडवली जात नाही, तर प्रत्येक लहरीचा काही भाग बंद ठेवला जातो. भारतात विजेच्या प्रवाहाची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने ही उघडझाप सेकंदाला १०० वेळा होते. बल्बमधील तापलेली तार तेवढ्या वेळात थंड होत नाही, त्यामुळे डोळ्यांना फक्त मंद, अखंड उजेड दिसतो. एलईडी दिव्यांचे तसे नसते. वेष्टनावर 'डिमेबल' असे लिहिलेले नसेल तर असा दिवा डिमरवर लुकलुकतो किंवा लवकर निकामी होतो. दिवाळीपूर्वी रोषणाईची खरेदी करताना हा एक शब्द पाहून घेतल्यास पैसे वाचतात.

घरातील आणखी एक शब्द 'डिम'चा भाऊ वाटावा असा आहे. दूध उतू जाऊ नये म्हणून 'गॅस सिमवर ठेव' असे स्वयंपाकघरात सांगितले जाते. हा 'सिम' म्हणजे शेगडीच्या बटणावर छापलेले 'सिमर' या शब्दाचे संक्षिप्त रूप आहे. 'सिमर' म्हणजे मंद आचेवर शिजणे. दिवा डिम करतात आणि आच सिम करतात. दोहोंचा अर्थ जवळचा असला तरी शब्द निराळे आहेत. 'गॅस डिम कर' हे मराठी कानाला चालून जाते, इंग्रजीत मात्र ज्योतीसाठी 'टर्न डाउन' असाच प्रयोग होतो. पंख्याचा वेग आणि रेडिओचा आवाज यांनाही इंग्रजीत 'डिम' लावत नाहीत.

रस्त्यावर तिसराच शब्द भेटतो. मालमोटारींच्या पाठीमागे 'हॉर्न ओके प्लीज'च्या शेजारी 'यूज डिपर ॲट नाइट' असे रंगवलेले असते. समोरून वाहन येत असताना दिव्यांचा प्रखर झोत खाली वळवणे, याला ब्रिटिश इंग्रजीत 'डिप' करणे म्हणतात. अमेरिकेत याच कृतीला दिवे 'डिम' करणे म्हणतात. भारताने ब्रिटिश शब्द उचलला आणि त्यातून 'डिपर मारणे' हा खास आपला वाक्प्रयोग तयार झाला. तांत्रिकदृष्ट्या 'डिप' हाच शब्द अधिक नेमका आहे; कारण येथे उजेड कमी करण्यापेक्षा त्याची दिशा खाली वळवणे महत्त्वाचे असते. समोरच्या चालकाच्या डोळ्यांवर प्रखर झोत पडला तर त्याला पुढचे काही क्षण जवळपास काहीच दिसत नाही, आणि महामार्गावर तेवढे क्षण अपघाताला पुरेसे असतात. अशा वेळी डिपर हा दुसऱ्याच्या डोळ्यांसाठी स्वतःचा उजेड आवरण्याचा शिष्टाचार ठरतो.

मराठी घरातील सर्वांत परिचित डिम लाइट म्हणजे झिरोचा बल्ब. नावाप्रमाणे तो शून्य वॅटचा असता तर पेटलाच नसता. प्रत्यक्षात जुन्या पद्धतीचा हा बल्ब सुमारे १२ ते १५ वॅट वीज घेत असे. रात्रभर तो जळत ठेवणारे कुटुंब आपण काहीच वीज खर्च करीत नाही अशा समजुतीत राही.

युद्धकाळातील 'डिम-आउट'

'ब्लॅकआउट' हा शब्द मुंबईकरांच्या एका पिढीला चांगला आठवतो. १९७१ च्या भारत-पाक युद्धात खिडक्यांच्या काचांवर काळे कागद चिकटवले जात आणि मोटारींचे दिवे अर्धे काळे रंगवले जात. यापेक्षा सौम्य असलेल्या 'डिम-आउट' या प्रकाराचे नाव मात्र आपल्याकडे फारसे रुळले नाही.

१९४२ च्या आरंभी जर्मन पाणबुड्या अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ येऊन मालवाहू आणि तेलवाहू जहाजे बुडवू लागल्या. किनाऱ्यावरील शहरांच्या झगमगाटापुढे जहाजाची काळी आकृती उठून दिसे आणि पाणबुडीला नेम धरणे सोपे जाई. त्यानंतर न्यूयॉर्कसह किनाऱ्यावरील शहरांत दिवे मंद करण्याचे आदेश निघाले आणि टाइम्स चौकातील जाहिरातींची रोषणाई थांबली. ही उपाययोजना 'डिम-आउट' म्हणून ओळखली जाते. ब्रिटनमध्ये हाच शब्द उलट्या दिशेने आला. तेथे १९३९ पासून संपूर्ण अंधार पाळला जात होता. सप्टेंबर १९४४ मध्ये बंधने सैल झाली आणि साधारण चांदण्याइतका उजेड ठेवण्यास परवानगी मिळाली. अमेरिकनांना 'डिम-आउट'ने अंधाराकडे नेले, तर ब्रिटिशांना उजेडाकडे. शब्द एकच, परंतु एका देशात तो संकटाची चाहूल होता आणि दुसऱ्या देशात संकट ओसरत असल्याची.

शांततेच्या काळात न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर दिवे मंद करण्याची एक हृद्य प्रथा आहे. रंगभूमीवरील नामवंत व्यक्तीचे निधन झाले की नाट्यगृहांबाहेरील रोषणाई ठरलेल्या वेळी एक मिनिटासाठी मंद केली जाते. बातम्यांत या प्रसंगी 'डिम' हे क्रियापद येते आणि तेव्हा त्याचा अर्थ आदरांजली असा होतो.

सूर्य मंदावतो तेव्हा

विज्ञानाच्या बातम्यांतून गेल्या काही दशकांत दोन संज्ञा गाजल्या. पहिली 'ग्लोबल डिमिंग'. जमिनीवर पोहोचणारा सूर्यप्रकाश मोजणारी उपकरणे जगभर अनेक ठिकाणी बसवलेली आहेत. त्यांच्या जुन्या नोंदी तपासताना १९५० च्या दशकापासून हा प्रकाश घटत गेल्याचे शास्त्रज्ञांच्या लक्षात आले. इस्रायलमध्ये काम करणारे जेराल्ड स्टॅनहिल आणि शबताई कोहेन यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात ही घट दर दशकाला सरासरी २.७ टक्के असल्याचे म्हटले होते. सूर्य मात्र पूर्वीसारखाच तळपत होता. इंधनाच्या ज्वलनातून निर्माण होणारे सूक्ष्म कण आणि त्यांच्यामुळे ढगांत होणारे बदल सूर्यप्रकाश वाटेतच अडवीत होते. उणीव दिव्यात नव्हती, हवेत होती.

युरोप-अमेरिकेत हवा स्वच्छ करण्याचे कायदे झाले आणि १९९० च्या सुमारास तेथील अनेक ठिकाणी प्रकाश पुन्हा वाढू लागला. भारतात चित्र वेगळे होते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी देशातील १२ केंद्रांच्या १९८१ ते २००४ या काळातील नोंदी तपासून २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यानुसार भारतात जमिनीवर पोहोचणारा सूर्यप्रकाश दरवर्षी चौरस मीटरमागे सरासरी ०.८६ वॅटने घटत होता. या घटीचा एक परिणाम चमत्कारिक आहे. प्रदूषणाचे हे आवरण जमिनीची काही तापमानवाढ झाकून ठेवते. म्हणून 'ग्लोबल डिमिंग' आणि 'ग्लोबल वॉर्मिंग' या परस्परविरोधी वाटणाऱ्या घटना एकाच धुराड्यातून एकाच वेळी बाहेर पडू शकतात.

दुसरी संज्ञा 'ग्रेट डिमिंग'. मृग तारकासमूहातील तांबूस रंगाचा ठळक तारा काक्षी, ज्याला पाश्चात्त्य नाव बीटलज्यूस असे आहे, २०१९ च्या अखेरीस मंदावू लागला. फेब्रुवारी २०२० मध्ये त्याचे तेज नेहमीच्या निम्म्याहूनही कमी झाले. नुसत्या डोळ्यांनीही हा फरक जाणवत होता. तारा विझत चालला आहे, त्याचा स्फोट जवळ आला आहे, अशा चर्चांना उधाण आले. पुढील दोन वर्षांत हबल दुर्बीण आणि चिलीतील 'व्हेरी लार्ज टेलिस्कोप' यांच्या निरीक्षणांवरून निराळे चित्र समोर आले. ताऱ्याने उष्ण वायूचा एक मोठा लोट बाहेर फेकला होता, तो निवून त्याची धूळ झाली आणि ती पृथ्वीच्या दिशेने ताऱ्यासमोर आडवी आली. पृष्ठभागाचा काही भाग थंड झाल्याचाही त्यात वाटा होता. एप्रिल २०२० पर्यंत काक्षी बराचसा पूर्ववत झाला. ज्याला ताऱ्याचा अंत समजले गेले, ती मुख्यत्वे मध्ये आलेली धूळ होती.

मंदावण्याच्या याच खुणेवरून खगोलशास्त्रज्ञांनी नव्या जगांचाही शोध लावला आहे. २००९ मध्ये अवकाशात सोडलेल्या केप्लर दुर्बिणीचे काम ताऱ्यांच्या तेजातील किंचित घट टिपण्याचे होते. ताऱ्यासमोरून ग्रह गेला की तारा क्षणभर 'डिम' होतो. सूर्यासारख्या ताऱ्यासमोरून गुरूएवढा ग्रह गेल्यास तेज सुमारे एक टक्क्याने घटते. पृथ्वीएवढा ग्रह गेल्यास ही घट एक टक्क्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी असते. हजारो परग्रह याच रीतीने सापडले आहेत.

बुद्धीचा उजेड

प्रकाश आणि बुद्धी यांची सांगड सर्वच भाषांनी घातली आहे. इंग्रजीत हुशार मुलगा 'ब्राइट' असतो, म्हणून जेमतेम आकलनाचा मुलगा 'डिम' ठरतो. 'डिमविट' म्हणजे मंदबुद्धी हा शब्द १९२० च्या दशकात अमेरिकी बोलीतून पुढे आला. 'डिम बल्ब' हाही त्याच अर्थाचा टोमणा. ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात विनोदी अभिनेते हॅरी एनफील्ड यांनी साकारलेले 'टिम नाइस बट डिम' हे पात्र लोकप्रिय झाले. सुस्वभावी, श्रीमंत, पण डोक्याने यथातथाच असलेल्या तरुणासाठी ते नाव पुढे जणू सामान्यनामच बनले.

मराठीत 'मंद' हे विशेषण ज्योतीला लागते आणि बुद्धीलाही. शाळकरी बोलीत 'ढ' आणि 'मठ्ठ' आहेतच. परंतु या बाबतीत भारतीय कल्पकतेने इंग्रजीवर मात केली आहे. बटण दाबल्यावर स्टार्टर फडफडतो, नळी दोन-तीनदा लुकलुकते आणि मग उजेड पडतो, हे ज्याने पाहिले त्याने विनोद उशिरा कळणाऱ्या मित्राला 'ट्यूबलाइट' हे नाव बहाल केले. २०१७ मध्ये याच नावाचा हिंदी चित्रपटही येऊन गेला. 'डिम' आणि 'ट्यूबलाइट' यांतील फरक सूक्ष्म आहे. डिम माणसाचा उजेड कमी असतो असे मानले जाते. ट्यूबलाइटचा उजेड भरपूर असतो, तो फक्त उशिरा पडतो. त्यामुळे दुसऱ्या विशेषणात थट्टा आहे, पहिल्यात अवहेलना. इंग्रजीत कोणाला तोंडावर 'डिम' म्हणणे हा अपमान समजला जातो, हे मराठी भाषकांनी ध्यानात ठेवावे.

वाक्प्रयोग आणि भाषांतरातील खाचखळगे

'टेक अ डिम व्ह्यू' हा वाक्प्रयोग भारतीय इंग्रजी वृत्तपत्रांत, विशेषतः न्यायालयीन बातम्यांत वारंवार येतो. त्याचा अर्थ नापसंती किंवा नाराजी व्यक्त करणे असा आहे. त्याचे 'अंधूक दृष्टिकोन घेतला' असे भाषांतर केल्यास वाक्य निरर्थक होते. 'न्यायालयाने याबाबत नाराजी व्यक्त केली' हे मराठीचे सरळ रूप आहे.

'डिम प्रॉस्पेक्ट्स' किंवा 'होप्स डिम' यासाठी मराठी वृत्तपत्रांनी 'शक्यता धूसर', 'आशा मावळल्या' असे प्रयोग रूढ केले आहेत. त्यांपैकी पहिला अधिक अचूक आहे. आशा मावळली म्हणजे संपली. 'डिम' आशा अजून शिल्लक असते. 'डिम मेमरी' म्हणजे पुसट आठवण. 'डिम अँड डिस्टंट पास्ट' म्हणजे दूरचा, आता नीटसा न आठवणारा भूतकाळ. हा प्रयोग बहुधा थट्टेच्या सुरात होतो.

जवळच्या शब्दांशीही 'डिम'ची गल्लत होते. 'फेंट' म्हणजे क्षीण. तो आवाज, वास, रेषा आणि आशा या सर्वांना लागतो. दुरून येणाऱ्या घंटानादाला 'फेंट' म्हणावे, 'डिम' नव्हे. 'पेल' म्हणजे फिका. तो रंगासाठी आणि चेहऱ्यासाठी. 'डल' म्हणजे निस्तेज. घासले न गेलेले पितळ 'डल' असते. 'ग्लूमी'मध्ये अंधाराबरोबर उदासपणाही आहे. 'ग्लिमर' म्हणजे लुकलुकणारा क्षीण किरण. म्हणून आशेच्या किरणाला 'ग्लिमर ऑफ होप' म्हणतात. 'सॉफ्ट' म्हणजे सौम्य, आणि येथे एक महत्त्वाचा भेद आहे. मराठीतील 'मंद' प्रसन्न असू शकतो. देवघरातील समईचा मंद प्रकाश म्हटले की मन शांत होते. इंग्रजीतील 'डिम' बहुतेक वेळा कमतरता दाखवतो. म्हणून उपाहारगृहाच्या जाहिरातीत 'सॉफ्ट लाइटिंग' असते आणि जिन्यात बल्ब अपुरा असल्याच्या तक्रारीत 'डिम लाइटिंग'. समईचे वर्णन इंग्रजीत करायचे असल्यास 'सॉफ्ट' हाच शब्द योग्य.

केवळ नामसाधर्म्य असलेले दोन शब्द येथे नोंदवायला हवेत. चिनी उपाहारगृहातील 'डिम सम' हा कँटोनीज भाषेतील शब्द असून त्यातील दोन अक्षरांचा शब्दशः अर्थ 'हृदयाला स्पर्श' असा काहीसा होतो. मंद दिव्यांशी त्याचा संबंध नाही. दुसरा शब्द घरचाच आहे. भरताच्या नाट्यशास्त्रातील दहा रूपकांपैकी एकाचे नाव 'डिम' असे आहे. चार अंकांच्या या प्रकारात देव-दानवांचा संघर्ष, उल्कापात, सूर्य-चंद्रांची ग्रहणे असे अद्भुत प्रसंग असतात. 'त्रिपुरदाह' हे त्याचे परंपरागत उदाहरण. दोन्ही शब्दांचे मूळ भिन्न आहे. संस्कृतातील 'डिम'मध्ये सूर्य झाकोळतो, हा निव्वळ योगायोग.

एका प्रश्नाचे महत्त्व

'डिम'चे सर्व अर्थ एकत्र मांडले की पुन्हा तोच प्रश्न समोर येतो : उणीव दिव्यात आहे, हवेत आहे की डोळ्यात? भाषांतरकाराला हा प्रश्न योग्य शब्द सुचवतो. सूर्यप्रकाश घटल्याचे दिसले तेव्हा शास्त्रज्ञांना तो धुराड्यांपर्यंत घेऊन गेला आणि काक्षी मंदावला तेव्हा धुळीच्या ढगापर्यंत.

शाळेच्या वर्गात या प्रश्नाला सर्वाधिक महत्त्व आहे. मागच्या बाकावरील एखाद्या मुलाला फळ्यावरील अक्षरे पुसट दिसतात. तो चुकीचे उतरवून घेतो, प्रश्नाला उत्तर देत नाही, हळूहळू लक्ष देणे सोडतो. सर्वांनाच असे दिसत असावे, असे त्याला वाटते. त्यामुळे तो तक्रारही करीत नाही. प्रगतिपुस्तकात त्याच्या नावापुढे 'मंद' असा शेरा पडतो. पुढे कधीतरी डोळे तपासले जातात, चष्मा लागतो आणि तोच मुलगा वर्गाबरोबर चालू लागतो. इंग्रजीत त्याच्या नजरेलाही 'डिम' म्हणतात आणि त्याच्यावर बसलेल्या शिक्क्यालाही. शब्द एकच असला तरी पहिल्यावर चष्म्याचा उपाय आहे; दुसरा एकदा बसला की पुसायला वर्षे लागतात.